चौदा मिनिटांचा नमुना

२०४७ सालच्या श्रावणात, एका सोमवारी, स्पर्शपरीक्षण प्रयोगशाळेत डॉ. ईरा कुंभोजकर यांच्या टेबलावर एक घोंगडी आली. काळ्या लोकरीची, दोन्ही कडांना पांढरी किनार असलेली. जिल्हा ग्राहक आयोगानं ती कापडी पिशवीत घालून, लाखेची मोहर लावून पाठवली होती. सोबत तळहाताएवढी एक तबकडी होती आणि एक पत्र. पत्रात प्रश्न एकच होता: तबकडीत नोंदलेला स्पर्श आणि पिशवीतली वस्तू ही एकच आहेत काय?

तो काळ स्पर्शपाट्यांचा होता. ज्यांनी तो पाहिला त्यांना काही सांगायला नको, पण नंतर जन्मलेल्यांना सांगावं लागतं. घरबसल्या खरेदी सुरू झाली तेव्हापासून एक गाऱ्हाणं कायम होतं. कापड डोळ्यांना दिसे, हाताला कळत नसे. साडी चित्रात रेशमी आणि दारात आली की मेणकापडासारखी. ग्राहक आयोगांपुढच्या निम्म्या तक्रारी याच जातीच्या असत. त्यावर उपाय म्हणून पाटी निघाली. पूर्वी शाळेत असे त्या दगडी पाटीएवढी, तशीच काळी. तिच्यात केसाहून बारीक असे लाखो सूक्ष्मखुंट बसवलेले असत आणि ते सेकंदाला हजार वेळा वर-खाली होत. विकणारा आपल्या मालावरून स्पर्शवाचक फिरवी, आणि शंभर कोसांवर घेणाऱ्याच्या बोटांखाली तोच पोत उमटे. अगदी ऊबसुद्धा कळे. नव्याची नवलाई होती तेव्हा बायका काही घ्यायला नव्हे, नुसता पैठणीवरून हात फिरवायला गावोगावच्या सेवा केंद्रांत रांगा लावत.

पाठोपाठ नियम आले. ग्राहकाच्या हाताला जो स्पर्श दाखवला, तोच नमुना. माल नमुन्याबरहुकूम पाहिजे. प्रत्येक विक्रीची स्पर्शनोंद बाजारानं जपून ठेवावी आणि वाद निकाली निघाला की ती नष्ट करावी, कारण हाताची नोंद म्हणजे माणसाच्या अंगाचीच नोंद. ती कुणाच्या कपाटात पडून राहणं बरं नव्हे. नियम चांगला होता. शहाण्या माणसांनी केला होता.

तक्रार शालन लवटे यांची होती. वय अठ्ठ्याहत्तर, राहणार माणदेशातल्या एका खेड्यात. आयोगात वकील लावायची सक्ती तेव्हाही नव्हती. त्यांनी वहीच्या कागदावर स्वतःच लिहिलं होतं: ‘मी हात लावला ती घोंगडी निराळी होती. ही आली ती ती नव्हे. मला पैसे परत नकोत. मी हात लावला ती द्यावी.’

ईरानं दोन दिवस तपासणी केली. तिसऱ्या दिवशी विकणारा आला. परीक्षणाला हजर राहायचा हक्क विकणाऱ्यालाही होता, पण सहसा कुणी येत नसे.

“मी धनाजी सणगर,” तो दारातूनच म्हणाला. पन्नाशी उलटलेला, पांढरा सदरा, हाताची बोटं लोकरीच्या तेलानं काळपट. “ही माझ्या मागावरची घोंगडी. ती बाई म्हणती निराळी हाय. निराळी कुठनं असंल? विणणारा मी एकटाच उरलोय.”

“बसा ना,” ईरा म्हणाली. “निराळी आहे, हे मात्र खरं आहे. तबकडीतल्या नमुन्यापेक्षा तुमची घोंगडी तिप्पट खरखरीत आहे.”

“घोंगडी टोचायचीच की, मॅडम! टोचत न्हाई तिला शाल म्हणत्यात. चिंचोक्याची खळ देतो आम्ही. नवी घोंगडी कोपऱ्यात उभी केली तर पावण्यागत उभी ऱ्हाती. चार-पाच वर्सं अंगावर घ्यावी, मग नरम पडती. ह्यात आमची चूक काय?”

“तुमची नाहीच. पाटीची आहे.” ईरानं खुर्ची त्याच्याकडे वळवली. “शेतात काम केलेल्या हातांना बारीक पोत कळत नाही, अशी सुरुवातीला ओरड होती. म्हणून पाटीत एक सोय केली. तिला आम्ही अनुसरण म्हणतो. बोट जिथं रेंगाळतं, तिथला स्पर्श पाटी थोडा वाढवते. बोट जिथून मागं सरतं, तिथला कमी करते. प्रत्येक हाताला कळेल असं द्यायचं, एवढाच हेतू.”

“आन टोचलं की बोट मागं सरतं.”

“सरतंच.”

“मग माझी खळ त्या पाटीनं धुऊन काढली म्हणा की.” तो हसला, पण लगेच गंभीर झाला. “मॅडम, हसायची गोष्ट न्हाई. तक्रार खरी ठरली तर स्पर्शहाटवरनं माझं नाव काढणार. त्यांचा कायदाच हाय तसा. आता घोंगडी घ्यायला गावात कोण येतंय? दोन माग हायेत, तेबी बंद पडतील.”

स्पर्शहाट हे त्या ऑनलाइन बाजाराचं नाव. तेव्हा देशातलं निम्मं कापड त्यांच्या पाट्यांवरून विकलं जाई.

ईरानं खुर्ची परत टेबलाकडे वळवली. मग तिनं पडद्यावर एक आलेख आणला. “खरखरीतपणाचा उलगडा झाला. पण तो वजा केल्यावर आणखी काहीतरी उरतंय. हे बघा. पाटीचा सगळा पृष्ठभाग हळूच वर येतोय आणि खाली जातोय. मिनिटाला चौतीस वेळा. मला वाटलं, सेवा केंद्रात पंखा असेल, बाहेर पाण्याची मोटर असेल. मी फोन करून विचारलं. काही नव्हतं. आणि ऊब बघा, लोकरीला असावी त्याहून तीन अंश जास्त. मूळ मालाच्या वाचनात यातलं काहीच नाही.”

“मी हात लावून बघू?”

तिनं तबकडी पाटीला जोडली. धनाजीनं अंगठा आणि दोन बोटं पाटीवर फिरवली, गिऱ्हाइकं फिरवतात तशी. “लोकर माझीच. पार लोण्यागत केलीय.”

“त्यांनी बोटं फिरवली नव्हती,” ईरा म्हणाली. “नोंदीत दिसतं. सगळा तळवा टेकवला होता. आणि हलवला नव्हता. चौदा मिनिटं.”

“चौदा? हितं गिऱ्हाईक पंधरा सेकंदात उठून जातंय.”

त्यानं तळवा पाटीवर टेकवला आणि डोळे मिटले. ईरा पडद्याकडे पाहत होती. तिसरं मिनिट गेलं, सहावं गेलं. मग धनाजीनं हात अलगद उचलला, कुणी जागं होईल अशा बेतानं, आणि सदऱ्याला पुसला.

“मॅडम, खाली कोणतरी निजलंय.”

“काय?”

“घोंगडीखाली. पोर हाय. दोन-अडीच वर्साचं. थोरल्या माणसाचा श्वास एवढा बिगीबिगी चालत न्हाई.” तो खालच्या आवाजात म्हणाला, “आन त्याच्या अंगात ताप हाय.”

सुनावणी महिन्याभरानं झाली. आयोगाच्या अध्यक्ष तेव्हा रेहाना मुल्ला होत्या. कमी बोलणाऱ्या, केसांत मेंदी लावणाऱ्या, आणि तक्रारदार म्हातारा असेल तर त्याला आधी पाणी पाजणाऱ्या. स्पर्शहाटच्या वतीनं अॅडव्होकेट पुष्कर साटम आले होते. तरुण होते, हुशार होते आणि उद्धट नव्हते.

“मॅडम, आमच्या पक्षकारांना हा वाद वाढवायचा नाही,” त्यांनी सुरुवात केली. “पूर्ण रक्कम परत, वर आजींना दुसरी नवी घोंगडी.”

“दुसरी घेऊन घालू कुठं?” शालनबाई बाकावरून म्हणाल्या. “माझ्याकडं अंग एकच हाय.”

मागं बसलेले लोक हसले. रेहानाबाईंनी हसू आवरलं. “शालनबाई, तुम्हाला नक्की काय हवंय?”

“म्या कागदात लिवलंय की, बाई. केंद्रात गेले हुते पेन्शनचा अंगठा द्यायला. पोरगी म्हणाली, आजी, गर्दी हाय, तवर पाटीवर हात ठेवून बसा, घोंगडी लावून देते. म्या हात ठेवला.” त्यांनी उजवा तळवा पुढं धरला. “ती घोंगडी माझ्या आईची हुती. तशी न्हवं. तीच. म्हणून म्या घेतली.”

“मागची माणसं ओरडत होती म्हणे रांगेत,” रेहानाबाई म्हणाल्या.

“ओरडंनात. त्येंच्या काय बापाचा हात हुता?”

मग ईराला बोलावलं. तिनं अनुसरण म्हणजे काय ते सांगितलं, खरखरीतपणाचे आकडे दिले, आणि मग त्या दुसऱ्या आलेखाकडे आली. बोलताना ती आयोगाकडे पाहत होती, शालनबाईंकडे पाहत नव्हती.

“पाटी बनवणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती. हात फिरेल. कापड बघताना माणसाचा हात फिरतोच. फिरणाऱ्या हाताला काय आवडतं ते पाटीला कळतं. इथं हात फिरला नाही. स्थिर तळव्याखाली पाटीला अनुसरायला काहीच नव्हतं. तेव्हा तिच्या हाती फक्त एक गोष्ट लागली. तळव्याचा दाब अगदी थोडा, जाणवणारही नाही इतका, सैल पडत होता आणि परत येत होता. एका लयीत. खालून काहीतरी वर येणार आहे आणि त्याला जागा करून द्यायची आहे, असा.”

“म्हणजे तो हात वाट पाहत होता,” रेहानाबाई म्हणाल्या.

“हो. आणि पाटीचं काम हाताला हवं ते देणं. पहिली दोन मिनिटं नोंदीत नुसती थरथर आहे. तिसऱ्या मिनिटाला लय जमते. पाटी थोडी वर येते, तळवा तिला ओळखतो, आणखी सैल पडतो, पाटी आणखी वर येते. ऊबही तशीच वाढत गेली. सहाव्या मिनिटापासून पुढं तो एका लहान मुलाचा श्वास आहे. हे मी माझ्या मनानं सांगत नाही. बालरोगतज्ज्ञांना आलेख दाखवलाय. श्वास तापातला आहे, हेही त्यांनी सांगितलं. घोंगडीखालच्या मुलाचा.”

 धनाजी मागच्या बाकावर मान खाली घालून बसला होता.

“शालनबाई,” रेहानाबाईंनी विचारलं, “कोण होतं ते?”

 शालनबाईंनी पदर सारखा केला, आपल्याच उजव्या हाताकडे पाहिलं.

“बिरा,” त्या म्हणाल्या. “माझा भाऊ. आमी मेंढरं घिऊन कृष्णाकाठाला जायचो, शेतात खताला बसवायला. बाप मेंढरामागं. आई दुपारची पाण्याला जायची, ती लांब जायची. जाताना बिऱ्याला घोंगडीखाली निजवायची आन मला सांगायची, ह्येच्यावर हात ठेव, काढू नगंस. न्हाईतर त्यो पळत जायचा मेंढरात. मी आठ वर्सांची हुते. आमच्यात थोरल्या पोरीचं कामच असतंय त्ये. खेळायचं न्हाई, उठायचं न्हाई. हात ठेवायचा. हात हालला की त्यो जागा व्हायचा, म्हणून हालवायचाबी न्हाई.”

“पुढं?”

“त्या साली गोवर आला. आई लिंबाचा पाला आणायला गेली हुती. मला म्हणाली, हात काढू नगंस.” शालनबाईंचा आवाज तसाच सरळ होता. “न्हाई काढला म्या. आई आली तवाबी माझा हात त्येच्यावरच हुता. खालचं हालायचं थांबलं तरी काढला न्हाई.”

साटमांनी समोरचा कागद पालथा घातला.

“त्येचा फोटू न्हाई, बाई. कुठं काडणार? नाव कुठं लिवलेलं न्हाई. आईबाप गेलं. आता त्यो हुता ह्ये ठावं असणारी मी एकटीच. पाटीवर हात ठेवला तवा मला वाटलं, आईची घोंगडी गावली. ह्यो हाय तिच्याखाली, ह्ये मला हिनं आत्ता सांगितलं.” त्यांनी ईराकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, “आता घोंगडीचं ऱ्हाऊ द्या. त्या तबकडीचं काय करणार तुमी?”

हाच प्रश्न रेहानाबाईंना मघापासून छळत होता. तक्रार मान्य केली, तर वाद निकाली आणि नोंद नष्ट. फेटाळली, तरी निकाली आणि नोंद नष्ट. तडजोड झाली, तरी तेच. शिवाय मान्य केली तर धनाजीचे माग बंद. त्यांनी शालनबाईंना नियम समजावून सांगितला. सांगणं भागच होतं.

“म्हंजी त्येला मोडणार,” शालनबाई म्हणाल्या.



रेहानाबाई स्पर्शहाटचा लेखी जबाब पुन्हा वाचू लागल्या. वाचता वाचता एका ठिकाणी थांबल्या.

“साटमसाहेब, परिच्छेद सहा. ‘सदर स्पर्शात आमच्या पाटीनं पदरचं काहीही घातलेलं नसून, मूळ मालापेक्षा दिसणारा सर्व फरक केवळ तक्रारदाराच्या हातातून आला आहे. सबब आम्ही खोटा नमुना दाखवला असं म्हणता येणार नाही.’ हे म्हणणं कायम आहे?”

“कायम आहे, मॅडम. तज्ज्ञांच्या अहवालानंतर तर जास्तच.”

“केवळ तक्रारदाराच्या हातातून.”

साटमांनी आपल्या प्रतीतला तो परिच्छेद पाहिला. पुढं अनेक वर्षांनी ते सांगत की, रस्ता कुठं जातोय ते त्यांना तेव्हाच दिसलं होतं आणि आडवं यायची चांगली संधीही होती.

“होय, मॅडम,” ते म्हणाले. “केवळ त्यांच्या हातातून. बाजाराचा त्यात काहीही भाग नाही. विकणाऱ्याचाही नाही.”

“तसं लिहून घ्या,” रेहानाबाईंनी लेखनिकाला सांगितलं. मग सावकाश, एकेक शब्द तोलत, निकाल सांगितला. विकणाऱ्यानं जो माल स्पर्शवाचकाखाली ठेवला तोच पाठवला. त्याचा दोष नाही. पाटी हाताप्रमाणे बदलते हे बाजारानं ग्राहकाला सांगितलं नाही. ते यापुढं प्रत्येक पाटीवर ठळक लिहावं. राहिली नोंद. नष्ट करायचा नियम आहे तो बाजारानं ग्राहकाविषयी ठेवलेल्या नोंदींना. ही नोंद बाजाराची नाही, असं बाजारच म्हणतो. ती तक्रारदारानं केलेली, तक्रारदाराचीच वस्तू आहे आणि विक्रीच्या वेळी चुकून बाजाराकडे राहून गेली आहे. ग्राहकाची वस्तू दुकानात राहिली, तर दुकानदारानं ती मोडायची नसते. परत द्यायची असते.

मागं धनाजीनं कपाळावरचा घाम पुसला.

तबकडी तिथल्या तिथंच द्यायची ठरली. आयोगाच्या मध्यस्थी कक्षात एक पाटी होती. शालनबाईंना तिथं बसवलं. ईरानं तबकडी जोडली, पण कळ दाबायला तिचा हात पुढं होईना.

“आजी, एक सांगायचंय. आता पाटी तुमच्या हातामागं येणार नाही. अनुसरण बंद केलंय. नोंदलं गेलं तेवढंच येईल. चौदा मिनिटं.”

“आन मग?”

“मग थांबेल.”

शालनबाई पाटीजवळ नेलेला हात मागं घेऊन बसल्या. “थांबंल,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून ईराला वाटलं, आपण हे शोधून काढलंच नसतं तर बरं झालं असतं. एकदा थांबलेलं होतं, ते आता हवं तेव्हा पुन्हा थांबणार होतं. आणि हे एका म्हातारीच्या हातात देऊन तिला घरी पाठवायचं होतं.

रेहानाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी आयुष्यभर साक्षी तपासल्या होत्या. त्यांनी तपासल्यासारखंच विचारलं, “डॉक्टर, नोंद चौदा मिनिटांनीच का संपते?”

“पाटीवरचा हात उचलला की नोंद संपते, मॅडम.”

“कुणाचा हात?”

“ग्राहकाचा.”

“शालनबाई, त्या दिवशी हात का उचललात?”

“का म्हंजी? पोरगी म्हणाली, आजी, घ्यायची असंल तर ह्या हिरव्यावर बोट दाबा. म्हणून उचलला.”

“डॉक्टर, हात उचलला त्या क्षणाला नोंदीत काय आहे?”

ईरानं आलेखाचं शेवटचं टोक पडद्यावर मोठं केलं. ती ते शंभरदा पाहून बसली होती. पण हा प्रश्न तिनं त्याला विचारला नव्हता. रेघ वर चढत होती. अर्ध्यावर गेली होती.

“चालू आहे,” ती म्हणाली. तिचा आवाज बदलला. “श्वास आत घेतोय. चालूच आहे, मॅडम. तो थांबलेला नाही. आजी, तुम्ही उठलात.”

शालनबाईंनी पडद्याकडे पाहिलं. त्यांना आलेख कळत नव्हते. पण त्यांनी ईराच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग तळवा पाटीवर टेकवला आणि मान हलवली. ईरानं कळ दाबली.

त्या चौदा मिनिटांत खोलीत काही घडलं नाही. साटम फाइल घ्यायला आले आणि दाराशीच उभे राहिले. बाहेर शिपाई पुढच्या तक्रारदाराचं नाव पुकारत होता, त्याला धनाजीनं खुणेनं गप्प केलं. शालनबाईंचा हात पाटीवर होता आणि तो हात हलत नव्हता. पण सहाव्या मिनिटानंतर त्याच्या शिरा हळूच वर येत होत्या, खाली जात होत्या. त्यांनी डोळे मिटले नव्हते. खिडकीबाहेर पाहत होत्या, दुपारी राखणीला बसलेली पोरगी पाहते तशा.

शेवटचं अर्धं मिनिट ईरानं बोटांवर दाखवलं. नोंद संपायच्या जरा आधीच शालनबाईंनी हात उचलला. स्वतःहून. अलगद, आधी बोटं, मग तळवा.

“निजलाय,” त्या म्हणाल्या. “चला.”

स्पर्शहाट पुढं आठ-नऊ वर्षं चालला. पाटीवर हात तीन मिनिटांहून जास्त ठेवता येणार नाही, असा बदल त्यांनी त्याच वर्षी केला, आणि नंतर गंधवाहक आले तशी पाट्यांची हौस ओसरली. पुष्कर साटम यांनी कंपनीचं काम सोडलं आणि कायदा शिकवायला लागले. परिच्छेद सहा ते दरवर्षी वर्गात वाचून दाखवत आणि स्वतःचा पराभव रंगवून सांगत. डॉ. ईरा कुंभोजकर रुग्णालयात गेल्या. कुष्ठरोगानं आणि मधुमेहानं ज्यांच्या बोटांतली जाणीव गेली, अशांसाठी त्यांनी पुढची वीस वर्षं काम केलं. रेहाना मुल्ला निवृत्त झाल्या, मिरजेला भावाकडे राहिल्या. त्यांच्या त्या निकालाविरुद्ध अपील झालं नाही, म्हणून तो कायद्याच्या पुस्तकांत आला नाही. जुन्या वकिलांच्या बोलण्यात तेवढा राहिला. धनाजी सणगरांनी गुडघे साथ देईनात तोवर माग चालवले. त्यांच्या मुलीनं ते पुढं चालवले नाहीत, पण विकलेही नाहीत.

शालनबाई २०५४ साली गेल्या. टोचणारी घोंगडी त्यांनी परत केली नव्हती. ती अखेरपर्यंत त्यांच्या अंगावर होती. तबकडी कपड्यांच्या पेटीत तळाशी सापडली. त्यांनी ती मधल्या वर्षांत कधी लावली का, ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं. दिवस झाल्यावर सून ती घेऊन सेवा केंद्रात गेली. तिथल्या मुलीनं कोपऱ्यातली जुनी पाटी धूळ झटकून काढली आणि तबकडी जोडून दिली. सुनेनं अंगठा आणि दोन बोटं पाटीवर फिरवली, कापड बघताना सगळेच फिरवतात तशी. हात स्थिर ठेवायचा असतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

“चांगली मऊ घोंगडी आहे,” ती म्हणाली, आणि तबकडी पदरात बांधून घरी गेली.